सुतारशाळेतील धूळ आणि तिचा स्वयंचलित बंदोबस्त

गावगाड्यातील बलुतेदारांत सुताराचे स्थान मोठे होते. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचे चाक, घराची तुळई आणि लेकराचा पाळणा ही सारी त्याच्याच हातची. वाकस, करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट एवढ्या हत्यारांवर त्याचा संसार चाले. हाताच्या करवतीतून पडणारा भुसा जाडसर असे. तो पायाशी साचे आणि संध्याकाळी चुलीकडे जाई. आज हे चित्र पालटले आहे. गोल करवत, रंधायंत्र, राऊटर आणि सँडर ही विजेवर चालणारी साधने तालुक्याच्या गावी, किंबहुना लहान खेड्यांतही पोचली आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या वर्गात विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच यंत्रापाशी उभा राहतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला, त्यांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद त्या योजनेत आहे.

यंत्राने कष्ट कमी केले, कामाची गती वाढविली आणि सफाई आणली. परंतु त्याच यंत्राने एक नवा सोबतीही कार्यशाळेत आणला. तो म्हणजे बारीक धूळ. या धुळीचा बंदोबस्त कसा करावा, तो माणसाच्या आठवणीवर का सोडू नये, आणि घरातील दिवे-पंखे आपोआप चालविण्यासाठी तयार झालेली स्वस्त साधने या कामी कशी उपयोगी पडतात, याचा विचार येथे केला आहे.

दिसणारा भुसा, न दिसणारी धूळ

माणसाच्या डोक्याचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. करवतीखाली पडणारा भुसा याहून जाड असल्याने तो लगेच जमिनीवर बसतो. पण मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते आणि त्याहूनही सँडरचा पॉलिश पेपर लाकडाचे १० मायक्रॉनहून लहान असे असंख्य कण हवेत उधळतात. त्यांतील एकदोन मायक्रॉनचे कण स्थिर हवेतही तासन्‌तास तरंगत राहतात. कवडशात चमकणारी धूळ डोळ्यांना दिसते. जी दिसत नाही ती श्वासाबरोबर खोल फुप्फुसापर्यंत जाते. नाकातील केस व श्लेष्मल त्वचा मोठे कण अडवितात, पण ते तेथेच साचून राहिल्यामुळे नाकालाच अपाय होऊ शकतो.

लाकूड ही नैसर्गिक वस्तू. तिच्या धुळीपासून काय मोठा धोका, असा समज सर्वत्र आढळतो. अनुभवी कारागीर मात्र जाणतात की साग किंवा शिसव तासल्यावर काहींच्या अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत. काहींना पुढे दमा जडतो. याहूनही गंभीर बाब इंग्लंडमध्ये उजेडात आली. बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकम हे गाव खुर्च्या व इतर लाकडी सामानाच्या निर्मितीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते. नाकाच्या आतील पोकळीत होणारा एका विशिष्ट प्रकारचा कर्करोग एरवी अत्यंत दुर्मीळ. परंतु या भागातील लाकूडकामगारांत तो वारंवार आढळतो, ही गोष्ट तेथील कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस्मी हॅडफील्ड यांच्या ध्यानात आली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अनेक देशांतून असाच पुरावा मिळाला आणि १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. चिमूटभर मिठाचे वजनही याच्या कितीतरी पट भरते.

या आजाराचा स्वभाव असा की तो लगेच दिसत नाही. धुळीचा पहिला श्वास आणि रोगाचे पहिले लक्षण यांत कित्येक दशकांचे अंतर असू शकते. सतरा वर्षांचा प्रशिक्षणार्थी आज जी धूळ घेतो, तिचा हिशेब त्याच्या उतारवयात होतो. म्हणूनच कार्यशाळेत त्याचे गांभीर्य कोणाला जाणवत नाही.

यंत्र आहे, पण बटण कोण दाबणार?

धूळ उत्पन्न होते तेथेच ती ओढून घ्यावी, हा या बाबतीतला मूलभूत नियम होय. आपल्या देशाच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १४ मध्ये हेच तत्त्व घातले होते : जेथे हानिकारक धूळ निघते तेथे तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ शोषणाची व्यवस्था करावी. या अधिनियमाची जागा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तथापि दोन-चार माणसांची सुतारशाळा कारखान्याच्या व्याख्येत पूर्वीही बसत नव्हती. तिच्यासाठी निरीक्षकही नाही आणि नोंदवहीही नाही. तेथे जे होईल ते मालकाच्या व कारागिराच्या समजुतीनेच होणार.

धूळशोषक यंत्राची रचना साधी आहे. एका मोटारीवर जोरदार पंखा बसविलेला असतो. यंत्रापासून आलेल्या नळीतून तो हवा ओढतो; जड भुसा पिंपात पडतो आणि बारीक धूळ कापडी पिशवीत किंवा गाळणीत अडकते. अशी यंत्रे अनेक ठिकाणी खरेदी झालेली आहेत. पण ती चालतात किती वेळ, हा खरा प्रश्न आहे. धूळशोषक एका कोपऱ्यात, त्याचे बटण भिंतीवर आणि करवत खोलीच्या मध्यभागी. एक फळी कापायला दहा सेकंद लागतात. त्यासाठी वीस पावले चालून बटण दाबायचे आणि पुन्हा वीस पावले जाऊन ते बंद करायचे, हे दिवसातून पन्नास वेळा कोण करील? मग काही ठिकाणी यंत्र सकाळी सुरू होते आणि दिवसभर घरघरत राहते. आवाजाने शिल्प निदेशकाचे बोलणे विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही, वीजदेयक वाढते, आणि आठवड्याभरात ते बंद करण्याचा निर्णय होतो. इतर ठिकाणी ते मुळातच सुरू होत नाही. तपासणीच्या दिवशी मात्र त्याच्यावरची धूळ पुसली जाते.

यात आळस किंवा बेफिकिरी हे एकमेव कारण मानणे अन्यायाचे होईल. ज्याचे लक्ष पात्यावर आणि बोटांवर आहे, त्याच्याकडून दुसऱ्याच एखाद्या बटणाची आठवण ठेवण्याची अपेक्षा करणे ही व्यवस्थेतलीच उणीव आहे. सुरक्षेचा उपाय आणि काम या दोन वेगळ्या कृती राहिल्या, तर घाईच्या वेळी पहिली गळते आणि दुसरी उरते. उपाय कामालाच जोडला, म्हणजे करवत सुरू होताच धूळशोषक आपोआप सुरू होईल अशी योजना केली, तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

वीज स्वतःच साक्ष देते

करवत सुरू झाली हे धूळशोषकाला कळावे कसे? त्याचे उत्तर करवतीच्या वायरमध्येच आहे. मोटार चालू झाली की तिच्या वायरीतून विद्युत्‌प्रवाह वाहतो आणि प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. घरोघरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेणारी असल्याने तिच्या तारेभोवतीचे क्षेत्र सतत बदलत असते. त्या तारेभोवती लोहगाभ्याचे कडे घालून कड्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे दिले, तर त्या वेढ्यांत मूळ प्रवाहाच्या प्रमाणात अल्प प्रवाह मिळतो. यालाच प्रवाह-रोहित्र म्हणतात. वीज केंद्रांत मोठे प्रवाह मोजण्यासाठी ते फार पूर्वीपासून वापरात आहे.

आज याच तत्त्वावरचा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा संवेदक बाजारात मिळतो. त्याचे कडे चिमट्यासारखे उघडते, वायरीभोवती बसते आणि पुन्हा मिटते. वायर कापावी लागत नाही, मुख्य विजेशी त्याचा उघडा संपर्कही येत नाही. याचा एक प्रचलित प्रकार असा की वायरीतून ३० अँपिअर वाहिले तर तो १ व्होल्ट दाखवितो. म्हणजे ६ अँपिअर घेणाऱ्या करवतीसाठी ०.२ व्होल्ट मिळतील. दुसऱ्या जातीचे संवेदक एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालतात. त्यांच्या नेहमीच्या प्रकारात वायर कापून प्रवाह संवेदकातून न्यावा लागतो. म्हणून शाळा व लहान कार्यशाळांना पहिलाच प्रकार अधिक सुरक्षित.

येथे नवशिक्याची एक चूक हमखास होते. फेज व न्यूट्रल दोन्ही तारा असलेली अख्खी केबल कड्यात घातली की संवेदक शून्य दाखवितो. कारण सरळ आहे. एका तारेतून प्रवाह जितका जातो, तितकाच दुसऱ्या तारेतून उलट येतो; दोघांची क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. म्हणून कड्यातून एकटी फेजची तार जावी लागते. तीन फेजच्या यंत्रात तिन्हींपैकी एका फेजभोवती कडे घातले तरी पुरते. लहान सँडर २५० वॅटचा असेल तर तो जेमतेम १.१ अँपिअर घेतो आणि संवेदकाला तो नीट कळत नाही. अशा वेळी तीच तार कड्यातून तीन वेळा फिरवून घ्यावी. वाचन तिप्पट मिळते. विज्ञानाच्या शिक्षकाला वर्गात दाखविण्याजोगा हा सुंदर प्रयोग आहे.

घरातील स्वयंचलन कार्यशाळेत

संवेदकाने दिलेली खूण वाचून निर्णय घेण्यासाठी एक छोटा संगणक लागतो. पूर्वी हे काम महागड्या औद्योगिक नियंत्रकाखेरीज होत नसे. २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची ईएसपी८२६६ ही वाय-फायसह चालणारी चिप बाजारात आली आणि परिस्थिती बदलली. पुढे आलेली ईएसपी३२ ही तिचीच अधिक समर्थ आवृत्ती. काही शे रुपयांच्या या पट्टीवर घरातील दिवे, पंखे, पाण्याच्या टाकीची मोटार चालविण्याचे प्रयोग जगभर सुरू झाले. २०१३ साली पॉलस स्काउट्सन यांनी आरंभिलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त संगणकप्रणाली अशी सर्व साधने एका जागी बांधते. ती घरातल्याच एका लहान संगणकावर चालते. बाहेरच्या इंटरनेटवर अवलंबून राहात नाही. ज्या गावी इंटरनेट अधूनमधून जाते तेथे हा गुण महत्त्वाचा. इतकेच नव्हे, तर “करवतीत प्रवाह आला, धूळशोषक चालू कर” एवढा एकच नियम असेल तर तो चिपमध्येच साठविता येतो. मग वाय-फायचीही गरज उरत नाही.

या साखळीचे चार दुवे आहेत. संवेदक प्रवाह ओळखतो. चिप निर्णय घेते. रिले हा लहान विद्युत-स्विच तो निर्णय पुढे पोचवितो. आणि कॉन्टॅक्टर हा मोठा स्विच प्रत्यक्ष मोटार चालू करतो. शेवटचा दुवा कोणीही गाळू नये. घरगुती स्वयंचलनाचे ‘स्मार्ट प्लग’ व लहान रिले दिव्यांसाठी ठीक असतात. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते आणि अशा रिलेची टोके वितळून एकमेकांना चिकटतात. टोके चिकटली की मोटार बंदच होत नाही. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरसोबत मोटारीच्या क्षमतेनुसार ओव्हरलोड रिले असावा.

आकड्यांचे गणित

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. समजा, कार्यशाळेत एक अश्वशक्तीची गोल करवत आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीची कार्यक्षमता व शक्तिगुणक लक्षात घेता २३० व्होल्टवर ती पूर्ण भाराखाली सुमारे ६ अँपिअर घेईल. लाकूड नसताना, नुसती फिरतानाही अशी मोटार याच्या निम्म्याच्या आसपास प्रवाह घेते. तेव्हा २ अँपिअर ओलांडताच ‘चालू’ आणि १ अँपिअरखाली जाताच ‘बंद’ असे दोन वेगळे उंबरठे ठेवावेत. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर प्रवाह त्याच्या आसपास हेलकावताना धूळशोषक सारखा चालू-बंद होत राहील. आकडे पुस्तकातून उचलू नयेत. आपले यंत्र नुसते फिरताना व कापताना किती प्रवाह घेते ते मोजून ठरवावेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. करवत आणि धूळशोषक एकाच क्षणी सुरू झाले तर दोघांचे आरंभीचे प्रवाह एकत्र येतात आणि एमसीबी पडतो. म्हणून करवत सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी धूळशोषक सुरू व्हावा. या दोन सेकंदांत काय करायचे, याचा नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवावा : धूळशोषकाचा आवाज ऐकू आल्याखेरीज लाकूड पात्याला लावायचे नाही.

करवत थांबली की नळीत भुसा शिल्लक असतो. तो पिंपात पोचण्यासाठी पंधरा सेकंद पुरतात. पण वर्गात विद्यार्थी एकामागून एक येतात आणि दर अर्ध्या मिनिटाने छोटा काप घेतात. प्रत्येक वेळी धूळशोषक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर तासाला साठाच्या वर आरंभ होतील आणि वारंवारच्या आरंभाने मोटारीचे वेढे तापून जळतील. यावर उपाय म्हणजे शेवटच्या कापानंतर पाच मिनिटे धूळशोषक चालू ठेवणे. मग तासाला बाराहून अधिक आरंभ होऊच शकत नाहीत.

विजेचा हिशेबही करून पाहावा. दोन अश्वशक्तीचा धूळशोषक ताशी सुमारे २ युनिट वीज घेतो असे धरू. आठ तास सतत चालला तर १६ युनिट. प्रत्यक्ष कापकाम दीड तासाचे आणि मागून चालण्याचा काळ मिळून तो तीन तास चालला, तर ६ युनिट. दिवसाला १० युनिट, म्हणजे पंचवीस दिवसांच्या महिन्यात २५० युनिट वाचतात. जेथे यंत्र पूर्वी बंदच राहात होते, तेथे मात्र दिवसाचे ६ युनिट वाढतील. ती वाढ म्हणजे खर्चाचा अपव्यय नव्हे. आतापर्यंत विद्यार्थ्यांची फुप्फुसे जो भार सोसत होती, तो आता वीजदेयकात आला, एवढाच त्याचा अर्थ.

नळ्या, झडपा आणि दुसरा पहारेकरी

एकाच धूळशोषकाला तीन-चार यंत्रे जोडलेली असतील तर प्रत्येक फाट्यावर सरकती झडप असते. सर्व झडपा उघड्या राहिल्या तर ओढ विभागली जाते आणि कोणत्याच यंत्राची धूळ नीट उचलली जात नाही. भुसा नळीत न साचता वाहत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत या वेगाने ताशी सुमारे ५६५ घनमीटर, तर १५० मिलिमीटरच्या नळीत सुमारे १,२७० घनमीटर हवा जाते. धूळशोषक खरेदी करताना नुसती अश्वशक्ती न पाहता एवढी हवा तो ओढतो का, हे पाहावे. प्रत्येक यंत्रावर वेगळा संवेदक असेल तर कोणते यंत्र चालू आहे हे चिपला कळते आणि लहान मोटारीच्या साहाय्याने त्याच यंत्राची झडप तिला उघडता येते. क्रम एवढाच सांभाळावा की नवी झडप पूर्ण उघडल्यावरच जुनी मिटावी.

एक अधिक संवेदक धूळशोषकाच्या स्वतःच्या फेज तारेवर बसविणे फार उपयुक्त ठरते. करवत चालू आहे, पण धूळशोषकाच्या तारेत प्रवाह नाही, असे झाले तर भोंगा वाजवावा. याहूनही सूक्ष्म खूण त्यातून मिळते. या पंख्याचा गुणधर्म असा की नळी तुंबली किंवा पिशवी भरून हवा कमी झाली, की मोटारीवरचा भार वाढत नाही, उलट घटतो. म्हणजे रोजच्यापेक्षा प्रवाह कमी दिसू लागला तर पिशवी झटकण्याची वा नळी तपासण्याची वेळ झाली, असे समजावे. यंत्र चालते आहे पण काम करीत नाही, ही फसवणूक अशा रीतीने उघड होते.

स्वयंचलनाच्या मर्यादा

या साधनांवर भिस्त ठेवताना काही गोष्टींचे भान असावे. पहिली गोष्ट गाळणीची. जाड विणीची कापडी पिशवी भुसा अडविते, पण सर्वांत घातक अशी बारीक धूळ तिच्या छिद्रांतून पुन्हा खोलीत, नेमकी नाकाच्या उंचीवर उडविते. अशा पिशवीचा धूळशोषक आपोआप चालू झाला तर धोका आपोआप पसरेल, इतकेच. बारीक गाळणी बसवावी किंवा धूळशोषक खोलीबाहेर आडोशाला ठेवावा. शेजारच्या वर्गाच्या वा घराच्या खिडकीकडे त्याचे तोंड नसावे.

दुसरी गोष्ट झाडूची. जमिनीवर बसलेली धूळ कोरड्या झाडूने झाडली की ती पुन्हा हवेत येते. ती शोषण-नळीनेच उचलावी, नाही तर जमीन ओली करून झाडावी. सँडर वापरताना व पिशवी रिकामी करताना चांगल्या प्रतीचा मास्क लागतोच. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कणांना अडवीत नाही.

तिसरी गोष्ट आगीची. हवेत दाट पसरलेली लाकडाची बारीक धूळ ठिणगीने भडकू शकते. म्हणून रिले, कॉन्टॅक्टर व चिप धूळ न शिरणाऱ्या बंद पेटीत असाव्यात. धातूच्या नळ्यांना अर्थिंग करावे. खिळे असलेले जुने लाकूड यंत्रावर चढवू नये. आणि ग्राइंडर कधीही त्याच नळीला जोडू नये.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की स्वयंचलन फक्त धूळशोषकापुरते असावे. पाते फिरविणारे यंत्र कोणत्याही चिपच्या हुकमावर सुरू होता कामा नये. वीज जाऊन परत आल्यावर करवत आपोआप फिरू लागणार नाही असा स्टार्टर तिला हवाच. धूळशोषकालाही हाताने चालू-बंद करण्याचा स्वतंत्र स्विच असावा, म्हणजे चिप बिघडली तरी काम अडणार नाही. लाल रंगाचे आणीबाणीचे बटण थेट तारांनी जोडलेले असावे; ते चिपला विचारून चालत नसावे. बोर्डातील सर्व जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी. संवेदक बसविताना मुख्य पुरवठा बंद असावा आणि साध्या प्रवाह-रोहित्राची दुय्यम टोके प्रवाह चालू असताना कधीही उघडी सोडू नयेत, कारण तेथे धोकादायक दाब निर्माण होऊ शकतो.

शाळा, संस्था आणि पंचायत

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम, वीजतंत्री आणि इलेक्ट्रॉनिक्स हे व्यवसाय बहुधा एकाच आवारात शिकविले जातात. पण एका वर्गाची दुसऱ्याशी गाठ क्वचितच पडते. हा प्रकल्प त्यांना एकत्र आणू शकतो. वीजतंत्रीच्या विद्यार्थ्यांनी कॉन्टॅक्टरची पेटी तयार करावी, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी संवेदक व चिप जोडावी आणि सुतारकामाच्या विद्यार्थ्यांनी करवतीभोवती धुळीचे आवरण व झडपा बनवाव्यात. ज्याने ते आपल्या हाताने उभे केले, तो पुढे स्वतःच्या दुकानातही ते बसवील.

माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला यातून विद्युत्‌चुंबकत्व, प्रमाण आणि आरोग्य या तिन्हींचा पाठ एकत्र घेता येतो. काळ्या कागदाला तेलाचा हलका हात लावून तो कार्यशाळेत एक तास ठेवावा. धूळशोषक बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. दोन कागदांतील फरक मुलांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक सांगून जाईल.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनाही येथे काम आहे. गावात विजेच्या साधनांवर काम करणारे सुतार किती, त्यांच्याकडे धूळ ओढण्याची व्यवस्था आहे काय, आणि त्यांतील कोणाला सततचा खोकला, नाकातून वारंवार रक्त येणे वा नाक एकाच बाजूने चोंदलेले राहणे असा त्रास आहे काय, याची विचारपूस करणे त्यांना सहज शक्य आहे. असा त्रास असलेल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविताना तो लाकूडकाम करतो ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी; व्यवसाय कळला तर निदानाची दिशा बदलते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांपासून गावोगावच्या दारे-खिडक्यांपर्यंत ज्या हातांचे कौतुक होते, त्या हातांमागच्या श्वासाची काळजी घेणे हेही गावाचेच कर्तव्य आहे.

या साऱ्या योजनेत नवे असे तत्त्व काहीच नाही. फॅरडे यांचा प्रयोग दोन शतकांच्या उंबरठ्यावर आला आहे आणि उगमापाशीच धूळ ओढावी हे तत्त्व १९४८ च्या कायद्यातही होते. नवे आहे ते एवढेच की या दोहोंची सांगड घालणारे साधन आता गावच्या सुताराच्या आवाक्यात आले आहे. करवतीने स्वतःच्या प्रवाहाने धूळशोषकाला हाक द्यावी आणि कारागिराने आपले सारे लक्ष लाकडावर ठेवावे, एवढी साधी व्यवस्था झाली, तर आज यंत्रापाशी उभा राहणारा मुलगा चाळीस वर्षांनंतरही मोकळ्या श्वासाने आपल्या नातवाचा पाळणा घडवू शकेल.